दाताखालचा दाणा

भुजंगमामांनी सोयाबीनचा दाणा दाताखाली धरला, कट्‌कन फोडला आणि म्हणाले, "दहा टक्के."

शेठजींनी मान डोलावली. शिरूर अनंतपाळला त्यांची नवी आडत उघडायची होती. ज्याच्या दाताला मालातला ओलावा बिनचूक कळेल, त्याच्या हाती तिथली खरेदी, असं त्यांनी सांगून टाकलं होतं. या मालाचा लॅबचा बंद रिपोर्ट त्यांच्या खिशात होता. मामांच्या हाताखालच्या महामायानं एकच दाणा फोडून आपल्या आकड्याची चिठ्ठी आधीच शेठजींकडे देऊन टाकली होती.

आता तिनं नेहमीसारखे मूठभर दाणे ओलावा मोजायच्या मशीनमध्ये ओतले. पडद्याकडे बघितलं. जरा थांबली.

"नक्की का, मामा?"

हे शब्द मूळचे मामांचेच. ती लातूरच्या या आडतीवर नवी होती तेव्हा तिनं आकडा सांगितला की मामा चार शेतकऱ्यांदेखत हसून म्हणायचे, नक्की का पोरी, मशीन लाव बरं. मशीन तिच्याच बाजूनं बोलायचं, पण तोवर लोक हसून मोकळे झालेले असायचे. दोन वर्षांत पोरीचा धीर खचला. चार-चार दाणे फोडायची, तरी आकडा ओठांवर यायचा नाही. शेवटी मामांनी तिला मशीनवरच बसवून टाकलं. हा अपमान ती विसरली नाही. का विसरावा?

मग तिनं दोन सवयी लावून घेतल्या. रोज सकाळी घरी एक दाणा फोडायचा, आकडा मोठ्यानं बोलायचा, दुसऱ्या दाण्याला हात लावायचा नाही. आणि आडतीवर मामांनी आकडा सांगितला, की पडद्याकडे बघून हळूच तेवढंच विचारायचं. खोटं ती कधी बोलली नाही. वर्षभर नुसती विचारत राहिली. पोळ्यापर्यंत मामा दोन दाणे फोडायला लागले. दिवाळीत पाच.

आताही मामांनी दुसरा दाणा घेतला. मग तिसरा. ते "अकरा" म्हणाले. महामाया पडद्याकडे बघतच होती.

"न्हाई... साडेबारा लिवा, शेठजी."

शेठजींनी रिपोर्ट उघडला. दहा. चिठ्ठी उघडली. दहा. नव्या आडतीच्या किल्ल्या त्यांनी महामायाच्या हातात दिल्या आणि ते आत निघून गेले.

मामा उठून मशीनजवळ आले. मग पडल्या आवाजात त्यांनी विचारलं, मशीननं किती दाखवलं होतं?

महामायानं मशीन त्यांच्याकडे फिरवलं. पडदा कोरा होता.

"काहीच न्हाई, मामा. सेल मी सकाळीच काढलेत. तुमचा पहिलाच आकडा बरोबर होता."