आधी इस्त्री, मग पाणी

त्या कापडातून अ‍ॅनाला मिळणार होती एक खुर्ची, एका कपाटाची चावी आणि एक मुलगी. खुर्ची लिनन सुपरवायझरची. चावी सुपरवायझरच्या खोलीतल्या कपाटाची. आणि त्या ग्रेडला कुटुंबाचा व्हिसा होता, म्हणून वसईला आजीकडे वाढणारी नऊ वर्षांची बेव्हर्ली. तिन्ही गोष्टी गुरुवारच्या उद्घाटनाला टांगलेल्या होत्या.

दुबईतल्या त्या हॉटेलच्या किनाऱ्यावर नवं रेस्टॉरंट उघडणार होतं. त्यासाठी ताहिती बेटावरून तेउरा नावाची सत्तरीची बाई बोलावली होती. ती हाताने पारेओ रंगवायची. पारेओ म्हणजे अंगाभोवती गुंडाळून गाठ मारायचं सलग वस्त्र. आपल्या लुंगीची देखणी थोरली बहीण. गुरुवारी मालकीणबाई तोच नेसणार होत्या. तोवर त्याला जपायचं काम अ‍ॅनाचं.

तीन दिवस ती गच्चीवर तेउराच्या शेजारी उभी राहिली. ओल्या निळ्या रंगावर जास्वंदीची पानं मांडायची, वर कडक ऊन. पान उचललं की खाली त्याची फिकट सावली उमटलेली असे. तेउराच्या हातांना खोबरेलात मुरवलेल्या फुलांचा वास होता. तो कापडालाही लागला.

"आधी इस्त्री, मग पाणी," तेउरा मोडक्या इंग्रजीत बजावायची. "उलट्या बाजूने, गरम. त्याआधी थेंबसुद्धा नाही. रंगाला अजून राहायला शिकवायचंय."

हॉटेलची लाँड्री रास अल खोरला होती. तिथे प्रेसवर रामचंद्र असायचा. देवरुखकडचा, पन्नाशीचा, हात सोन्याचा. डाग कशाचा, ते नाकाने सांगायचा. त्याला इंग्रजी येत नाही म्हणून अ‍ॅना गाठोड्यांना मराठीत चिठ्ठ्या टाचून द्यायची. तरी व्हॅन पोचली की त्याचा फोन यायचाच.

"ताई, आज काय काय पाठवलंत, बोला जरा."

ती हसून एकेक सांगायची. परक्या मुलखात माणसाला मराठी ऐकायची भूक लागते, असं ती धरून चालली होती.

मंगळवारी दुपारी तिने पारेओची घडी घातली, चिठ्ठी टाचली, 'पारेओ. इस्त्री.', आणि व्हॅन हलल्यावर वसईला फोन लावला.

"मम्मा, इज इट कन्फर्म्ड?"

"जवळजवळ. डिस्कव्हरी गार्डन्सला घर बघू. तुला वेगळी कॉट."

"विथ अ ड्रॉवर?"

"ड्रॉवरवाली."

पडद्यांच्या रंगावर आजीशी वाद झाला. आजीला दुबईत पडदे कशाला लागतात, तेच कळेना. पाऊण तास गेला.

बुधवारी सकाळी व्हॅनमधून पांढरं कापड आलं. स्वच्छ धुतलेलं, कडक इस्त्रीचं. एका कोपऱ्यात निळसर डाग, तेवढा समुद्र उरला होता. पिनेला चिठ्ठीच्या लगद्याची गोळी चिकटलेली.

तेउराने कापड गालाला लावून पाहिलं. "शिकला नाही," एवढंच म्हणाली. नवं रंगवायला तीन दिवस लागणार होते. हातात एक होता.

मॅनेजरने अ‍ॅना आणि रामचंद्र दोघांना समोर उभं केलं. तो लेबनीज, बोलणं इंग्रजीत, शेवट अरबीत. "एक माणूस जाईल. कोण ते तुम्ही सांगा. खलास."

अ‍ॅनाला आपली चिठ्ठी आठवली. वापरलेल्या चादरींच्या गाठोड्यांवर ती रोज चाळीस वेळा एकच लिहायची: 'पारोसे. इस्त्री.' म्हणजे धुऊन, मग इस्त्री. तिचं अक्षर घाईचं. 'पारेओ'चं 'पारोसे' व्हायला कितीसा वेळ?

"भाऊ," तिने मराठीत विचारलं, "तुम्ही चिठ्ठीवर पारोसे वाचलंत ना?"

रामचंद्रने पिनेवरच्या गोळीकडे पाहिलं. मग जमिनीकडे.

"तसंच असणार, ताई."

त्याच्या गावी पोरगी कॉलेजात होती. बायको डायलिसिसवर होती. अ‍ॅनाने मॅनेजरकडे तोंड केलं आणि इंग्रजीत सांगितलं, "सर, चूक माझ्या अक्षराची आहे. त्याने चिठ्ठीचं ऐकलं."

मॅनेजरला एक नाव हवं होतं, ते मिळालं.

खुर्ची लिनन खात्यातल्याच शेल्डनला गेली. चावीही. मुलगी अ‍ॅनाला मिळणार होती, पण वसईत, आणि पगाराशिवाय.

"सो यू आर कमिंग हिअर?" बेव्हर्लीने विचारलं.

"हो, बाळा."

"अँड माय ड्रॉवर?"

अ‍ॅनाने रेंज नाही असं सांगून फोन ठेवला.

निघायच्या दिवशी रामचंद्र अल नहदाला तिच्या बिल्डिंगखाली येऊन उभा राहिला. तिचे कपडे इस्त्री करून आणले होते. बॅग उचलून टॅक्सीत ठेवली, पण दार लावेना.

"ताई, तुम्ही त्या अक्षराला दोष देता, ते मला झोपू देत नाही."

"जाऊ द्या, भाऊ. अक्षर वाईटच आहे माझं."

"मला काय माहीत चांगलं की वाईट? मला वाचता कुठं येतं? कागदावर दहावी लावलीय एजंटने, म्हणून साहेबापुढे बोललो नाही. कापडाला खोबरेलाचा वास आला, वाटलं मळकं असेल." त्याने दार ओढलं, आणि खिडकीच्या फटीतून म्हणाला, "म्हणून तर रोज फोन करायचो तुम्हाला. त्या दिवशीही केला, पाच वेळा. पाऊण तास बिझी लागत होता."