वायुपुत्राचा डावा पाय

तीन दिवसांच्या शिंगराला मृणाल डॉक्टरीणबाईंनी डर्बीची घंटा ऐकवली, वायुपुत्राने जिंकलेल्या अकराही शर्यती पडद्यावर दाखवल्या. शिंगरू आपलं आईला लुचत राहिलं.

“वायुपुत्र गेला तेव्हा त्याच्या आठवणी जपून ठेवल्या होत्या, रखमाजी. याच्यात पेरल्या, पण रुजल्या नाहीत. आता दुसरं बियाणं नाही,” बाई म्हणाल्या.

वायुपुत्राची बावीस पोरं मैदानं गाजवत होती, पण त्याची देखभाल करणाऱ्या या म्हाताऱ्या मोतद्दाराला, रखमाजींना, एकानेही कधी ओळख दिली नव्हती. ते घोडीचे खूर साफ करायला बसले आणि सवयीने कीर्तनातली रामनामाची धून गुणगुणू लागले. सोळा वर्षं वायुपुत्राचे खूर त्यांनी याच धुनीवर साफ केले होते. धून संपली की तो आपणहून एकेक पाय उचलून द्यायचा, आणि सुरुवात नेहमी पुढच्या डाव्यापासून.

धून संपली. शिंगराने लुचणं सोडलं, ते धडपडत रखमाजींपुढे आलं आणि पुढचा डावा पाय उचलून उभं राहिलं.

“रखमाजी, अहो, रुजलं की हो!” बाई ओरडल्याच.

रखमाजींनी डोळे पुसले आणि तो इवलासा खूर तळहातावर घेतला. “घंटा कशाला ध्यानात ठेवील तो? जरा थांबा बाई, अजून तीन पाय राहिलेत,” म्हणत त्यांनी धून पुन्हा पहिल्यापासून धरली.