दुसरं फाटक

"एकशे चार," परवाना खात्याचे साहेब म्हणाले आणि टेप गुंडाळू लागले.

शाळेच्या मोठ्या बाईंनी टेपवरचा आकडा वाकून पाहिला. शाळेच्या फाटकापासून शंभर मीटरच्या आत दारूचं दुकान नको, असा नगरपालिकेनं नुकताच नियम केला होता. तो व्हावा म्हणून बाईंनी दोन वर्षं घरोघरी सह्या गोळा केल्या होत्या, चपलांचे तीन जोड झिजवले होते. आणि नियमानंतरचं पहिलंच दुकान चार मीटरनं निसटत होतं. शाळा सुटली की तीनशे मुलं आता त्याच दारावरून घरी जाणार होती.

"जागा मोजूनमापूनच घेतलीय, साहेब," दुकानाचे मालक हसत म्हणाले. "काय बाई, गणित तुम्हीच शिकवता ना?"

मोजणी बघायला पालकही जमले होते. तेवढ्यात मालकांच्या मागून मिस्त्री पुढे आला. हातात थापी, कपडे सिमेंटनं माखलेले. नव्या दुकानाची फरशी तोच बसवत होता. बाईंच्या कपाळाला आठी पडली. याची मुलगी चौथीत. मागच्या वर्षीपर्यंत हा तिला न्यायला झुलतच यायचा आणि तीच बापाचा हात धरून त्याला रस्ता ओलांडून न्यायची. आता हाही मालकांचीच री ओढणार, दुसरं काय!

"साहेब, मोजता कुठून?" त्यानं विचारलं.

"फाटकापासून."

"कोणत्या?"

"शाळेला एकच तर आहे."

"आत्ता एकच आहे." मिस्त्रीनं थापीनं भिंतीचं दुकानाकडचं टोक दाखवलं. "बाई, तिथं दुसरं फाटक करणार होता ना तुम्ही? सुटताना पोरांची चेंगराचेंगरी होते म्हणून?"

बाई तडक कार्यालयाकडे पळाल्या. बाईंना पळताना मुलं पहिल्यांदाच पाहत होती. मंजुरीचं पत्र तीन वर्षांपासून कपाटाच्या तळाशी पडलं होतं. लोखंडी फाटकही करून आणलेलं होतं. मैदानाच्या कडेला आडवं पडलेलं, मुलं त्यावर बसून डबा खायची. बसवायला तेवढा माणूस मिळत नव्हता.

साहेबांनी पत्र दोनदा वाचलं, घड्याळ पाहिलं. "अहवालावर माझी सही अजून झालेली नाही. पाचपर्यंत मी इथेच आहे. पण आधीच सांगतो, फाटक म्हणजे जे उघडतं, मिटतं आणि ज्यातून मुलं ये-जा करतात ते. नुसतं भगदाड पाडाल तर चालणार नाही."

"अरे, आणि माझी फरशी?" मालक मिस्त्रीवर खेकसले.

"अर्धी झालीय, मालक. उरलेली सांगाल तेव्हा बसवतो. वह्या-पेन्सिलींच्या दुकानालाही फरशी लागतेच की."

पालकांत हशा पिकला. कुणी पहार आणली, कुणी घमेलं. भिंत फुटू लागली. मुलांनी लांबच लांब रांग लावली आणि विटा हातोहात मैदानात जाऊ लागल्या. बाईंना काही राहवेना. "एका थरात नऊ विटा, तर बारा थरांत किती?"

"बाई, आज तरी गणित नको ना," रांगेतून आवाज आला.

"गणितामुळेच तर अडकलोय आपण. सांग, किती?"

पावणेपाचला मिस्त्रीनं शेवटचा बोल्ट आवळला आणि फाटक ढकललं. ते कुरकुरत उघडलं, कुरकुरत मिटलं. मग मुलं सुटली. नव्या फाटकातून बाहेर, जुन्यातून आत, पुन्हा नव्यातून बाहेर. साहेबांनी चाळीसपर्यंत मोजलं आणि नाद सोडला. मग टेप लावली.

"ब्याऐंशी."

मालकांनी टेप हिसकावून घेतली, दुकानाच्या दाराकडून स्वतः मोजत आले. ब्याऐंशीच भरलं. साहेबांनी अहवालावर नकाराची सही ठोकली. मालकांनी घाम पुसला. मग हळूच म्हणाले, "बाई, वह्यांत सुटतात का हो चार पैसे?"

बाईंना हसू आवरेना. तशाच हसत त्या तांब्याभर पाणी घेऊन मिस्त्रीकडे गेल्या. तो नळाखाली थापी धूत होता. मुलगी शेजारी त्याचा डबा सांभाळत उभी होती.

"मिस्त्री, मी तुम्हाला ओळखलंच नव्हतं," बाई म्हणाल्या. "तीनशे मुलांसाठी केलंत तुम्ही हे."

मिस्त्री लाजला. त्यानं तांब्या घेतला, घटाघटा रिकामा केला, तोंड पुसलं.

"खोटं कशाला बोलू, बाई? दारू सोडून आठ महिने झालेत. त्या दुकानाच्या दारापासून माझ्या घराचं दार नऊ पावलांवर आहे, आणि घरापासून किती मीटर, असा नियम तुम्ही केलेलाच नाही."