चवीची वही

तिसरीच्या वर्गात दिवाळीपर्यंत मी पाठ्यपुस्तक उघडतच नाही. साबणाचं वेष्टन, एसटीचं तिकीट, खताची गोणी, दिसेल ते पोरांनी वाचायचं, त्यातले आकडे मोजायचे आणि मग मला विचारायचं, "बाई, हे खरंय का?" अख्खं वाक्य वाचणाऱ्याला वर्गाने टाळ्या द्यायच्या. तपासणीला आलेल्या साहेबांनाही मी हे ठणकावून सांगितलंय.

मोनालीला मात्र जूनपासून एकही वाक्य जमत नव्हतं. आज सकाळी तिने माझ्या टेबलावरची वही उचलली. शाळेतल्या जेवणाची आधी चव घेऊन मी सही करायची, ती वही.

"आजची खिचडी चा...खली. चव चांगली आहे." वर्गाने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

मग तिने खिडकीबाहेर, स्वयंपाकाच्या शेडकडे पाहिलं. "बाई, मावशी तर अजून तांदूळच निवडतायत." तिने पान उलटलं. "येत्या शनिवारपर्यंत सह्या आहेत. आणखी चार."

"ठेव ती वही," मी म्हणाले.

पण तिला आता वाचता येत होतं. पानं मागे उलटत ती गेल्या गुरुवारवर थांबली. त्या दुपारी जेवणानंतर पहिलीतली तीन पोरं ओकली होती. त्यातला एक तिचा भाऊ, अजून दवाखान्यात आहे. ऊन लागलं असेल, असं मीच त्याच्या आईला सांगितलं होतं.

गुरुवारचं वाक्य तिने न अडखळता वाचलं आणि मी शिकवलेला प्रश्न मला विचारला.

टाळ्यांसाठी हात उचलून सगळा वर्ग माझ्या तोंडाकडे बघत होता.