इरॅडली म्हणजे काय?

ऋतिकाचं बोट त्या शब्दावर येऊन अडलं ते अडलंच.

"बाई, हे काय लिव्हलंय वो?"

ज्ञानेश्वरीबाईंनी वाकून पाहिलं. आय, आर, ए, डी, एल, ई, वाय. झालं का आता! हा शब्द त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

बाकीची गोष्ट सोपी होती. एका आजोबांची शेळी दावं तोडून पळते, एवढीच. चौथीतल्या त्या पोरीनं अडखळत का होईना, सगळी वाचली होती. शेवटच्या ओळीत शेळी पळत पळत कुठंतरी जाते, आणि ते कुठंतरी म्हणजे हा शब्द.

समोर परीक्षक माणिकराव पेन उघडून बसले होते. इंग्रजी वाचन शिकवायच्या प्रमाणपत्राची शेवटची परीक्षा येलदरीच्या शाळेत चालली होती. प्रत्येक शिक्षकाला गावातलं एक अनोळखी लेकरू आणि सगळ्यांना तीच गोष्ट. ज्ञानेश्वरीबाई आल्या होत्या चुडाव्याहून. आधी दोनदा नापास. पहिल्यांदा अवघड शब्द दिसला तसं त्यांनी पानच उलटलं होतं, दुसऱ्यांदा काहीतरी ठोकून दिलं होतं. आता ही शेवटची संधी. ती हुकली की शाळेतला इंग्रजीचा तास दुसऱ्याकडे जाणार, आणि ऊसतोडीहून परतलेल्या पोरांना पुन्हा कुणीतरी 'तुमी मागं बसा' म्हणणार. त्या पोरांसाठीच तर बाई चाळिशीनंतर विद्यार्थी झाल्या होत्या. एस.टी.त बसल्या तरी रस्त्यावरच्या पाट्या ओठांतल्या ओठांत वाचत जायच्या. आज सकाळीही येलदरीची इंग्रजी पाटी अक्षर अक्षर जुळवत वाचूनच खाली उतरल्या होत्या.

सांगून टाकावं का काहीतरी? विहीर म्हणावं, झुडूप म्हणावं. पोरीला काय कळणार आहे? पण पोरगी तोंडाकडे बघत होती. इतक्या विश्वासानं बघणाऱ्या लेकराला थाप मारायला बाईंची जीभ रेटेना.

"मला न्हाई माहीत गं," त्या म्हणाल्या. "मीबी आजच बघायलेय हा शब्द."

माणिकरावांचं पेन कागदावर टेकलं. गेली ही पण परीक्षा, बाईंना वाटलं.

ऋतिकाचे डोळे हे एवढे झाले. "तुमालाबी येत न्हाई?"

"न्हाई. मग त्यात भ्यायचं काय? चल, दोघी मिळून फोडू त्याला."

बाईंनी तळहातानं शब्द झाकला आणि सुरुवातीची दोनच अक्षरं उघडी ठेवली. मग हात जरासा सरकवला. मग आणखी जरा.

"इर..." ऋतिका म्हणाली. "इरॅड... इरॅडली! बाई, इरॅडली!"

"आलं की वाचता!" बाईंना परीक्षेचा विसरच पडला. त्यांनी पोरीच्या पाठीत कौतुकाचा धपाटा घातला.

"पण म्हंजे काय वो?"

"ते शोधावं लागंल. तुला सापडलं तर मला सांगशील?"

"हौ," ऋतिका म्हणाली आणि उडी मारून बाहेर पळाली.

बाई व्हरांड्यात आल्या तर तिथं वेगळीच गंमत चालली होती. आधीच परीक्षा देऊन बसलेले आदिनाथ सर, ज्यांचं इंग्रजी ऐकून सगळे गार पडायचे, ते सांगत होते, "इरॅडली म्हणजे कुरण हो. मी तर चित्र काढून दाखवलं लेकराला."

"कुरण कुठलं, सर?" रेणुका मॅडम म्हणाल्या. "गोठा! शेळी शेवटी गोठ्यातच जाणार ना. बाई, तुम्ही काय सांगितलं?"

"माहीत नाही, असं सांगितलं."

"अरारा! परीक्षकांच्या समोर?"

ज्ञानेश्वरीबाईंना रडूच फुटायला आलं. त्यांनी तोंड फिरवून पटांगणाकडे पाहिलं. बाकीची लेकरं लंगडी खेळण्यात दंग होती. त्यांना अर्थ मिळाला होता, काम संपलं होतं. ऋतिका एकटीच लिंबाखाली उकिडवी बसून काडीनं मातीत काहीबाही गिरवत होती.

माणिकराव बाहेर आले. सगळे उठून उभे राहिले.

"आज पास एकट्या ज्ञानेश्वरीबाई," ते म्हणाले. "बाकीच्यांनी पुढच्या खेपेला यावं."

बाईंना आधी ऐकूच आलं नाही. मग ऐकू आलं. आता त्यांचा तास कुणाच्या बापाला काढून घेता येणार नव्हता!

"पण सर," आदिनाथ सर तडकलेच, "त्यांना तर त्या शब्दाचा अर्थसुद्धा आला नाही!"

"कसा येणार? इंग्रजीत असा शब्दच न्हाई. म्या तयार केलाय." माणिकराव मिशीत हसले. "अनोळखी शब्द आला की लेकराला वाचायला शिकवताय का नुसतं सांगून मोकळे होताय, एवढंच मला बघायचं होतं. तुमी सगळ्यांनी अर्थ सांगितला. वाचायला शिकवलं ते एकट्या ह्या बाईंनी."

रेणुका मॅडम पदराशी चाळा करत राहिल्या. आदिनाथ सरांचा चेहरा पडला, पण हार मानतील तर शपथ.

"बरं, शब्दच नाही म्हणता," ते म्हणाले, "मग शेळी गेली कुठं?"

"सापडलं, बाई, सापडलं!" हातातली काडी नाचवत ऋतिका लिंबाखालून पळत आली. "शेळी आपल्या येलदरीला आली! सर, तुमी ती इंग्रजी अक्षरं मागून वाचा की वो!"