नवी बेल

शिंपीणकाकूंनी नव्या घराच्या पार्टीला अख्खी जुनी गल्ली बोलावली होती. गल्लीत कुणाच्याच दाराला बेल नव्हती, म्हणून ही चकचकीत बेल त्यांनी सकाळपासून उगाचच वाजवून पाहिली होती! खिडक्यांना तर दुहेरी काचा. "आई, आता बाहेरचा गोंगाट बंद!" असं ऐटीत सांगून लेक कामावर गेला होता.

काकूंनी केक कापून ठेवला, खुर्च्या मांडल्या आणि बेलकडे कान लावून बसल्या. संध्याकाळ सरली तरी बेल आपली मुकीच.

"विसरली मेली सगळी," म्हणत त्यांनी केक झाकला, आणि तेवढ्यात बेल वाजली! काकू धावल्याच.

दारात शेजारचे साहेब होते.

"या, या! पहिले पाहुणे तुम्हीच!"

"अहो, पाहुणा कसला, सहज विचारायला आलो. मघाशी केवढा आरडाओरडा चालला होता, ऐकलात का? पंधरा-वीस माणसं खाली उभी राहून वर बघत नुसती हाका मारत होती, 'शिंपीणकाकूऽऽ! ओ शिंपीणकाकूऽऽ!' हटेचनात. शेवटी मीच सांगितलं, अशा कुणी इथं राहत नाहीत."