लाल दोरीची फाइल

"काका, परवा ऑपरेशन आहे. आज वाचलं नाहीत तर मी इथेच मुक्काम ठोकणार," साक्षी म्हणाली आणि समोर कॅमेरा लावून तिने कोंडिरामांच्या सदऱ्याला छोटा माईक अडकवला.

"ठोक की. आमटी येते ना करता?" कोंडिराम म्हणाले. आवाज जरा खरखरत होता, पण होता तोच.

पंधरा-वीस वर्षांपूर्वी भाईंदर पश्चिमेला राहणाऱ्या कोणालाही विचारा. संध्याकाळी आठला केबलवर हा आवाज लागला की घराघरांतली भांडणं अर्धा तास पुढे ढकलली जायची. उद्या पाणी किती वाजता येणार हे कोंडिरामांच्या तोंडून ऐकल्याशिवाय बायका पिंपं रिकामी करत नसत.

त्या आवाजाचं एकही रेकॉर्डिंग उरलं नव्हतं. केबलवाल्याकडे कॅसेट एकच. कालच्या बातम्यांवर आजच्या चढायच्या. असं सोळा वर्षं चाललं. उरले ते फक्त कागद, आणि तेही इंदूबाईंमुळे.

इंदूबाई म्हणजे कोंडिरामांची बायको. दोघं रत्नागिरीकडून आलेली. कोंडिराम आधी रिक्षाला भोंगा लावून सर्कशीच्या नि साड्यांच्या सेलच्या जाहिराती करत गावभर फिरायचे. केबलवाल्याने तो आवाज ऐकला आणि त्यांना थेट कॅमेऱ्यासमोर बसवलं. बातम्या लिहायचं काम इंदूबाईंकडे आलं. दुपारी घरी त्या बातम्या लिहायच्या, नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवायच्या, आणि आठला कॅमेऱ्यामागे स्टुलावर जाऊन बसायच्या. बातम्या संपेपर्यंत त्यांचे ओठ हलत असायचे. बाईंचा नवऱ्यावर भरवसा नाही, अशी लोक चेष्टा करत. नवऱ्याचं मात्र कौतुक: हा माणूस कागदाकडे एकदाही बघत नाही, सरळ आपल्या डोळ्यांत बघून बोलतो.

दोन वर्षांपूर्वी इंदूबाई गेल्या. जाण्याआधी अंथरुणात बसून त्यांनी सगळे कागद लावले आणि दर वर्षाच्या फाइलला वेगळ्या रंगाची दोरी बांधली. "रद्दीत घालू नका," त्या म्हणाल्या होत्या, "कोणीतरी मागायला येईल. लाल दोरीची सगळ्यात शेवटी द्या. तिच्यात शेवटच्या दिवसाच्या बातम्या आहेत."

आणि खरंच साक्षी आली. वाचनालयाने गावातली जुनी पत्रं, बातम्यांचे कागद, म्हाताऱ्यांच्या आठवणी असं सगळं कॉम्प्युटरवर जपायचं काम काढलं होतं. तीन महिन्यांत तिने पंधरा फाइली स्कॅन केल्या. दर वेळी ती म्हणायची, काका, थोडंसं वाचा ना. दर वेळी काहीतरी निघायचं. चष्मा सापडत नाही. शेजारचा मिक्सर चालू आहे. आधी चहा घेऊ.

साक्षीला कारण कळत होतं. समोरचं स्टूल रिकामं असताना ते अक्षर वाचायचं म्हणजे सोपं नाही. म्हणून तिने कधी जोर केला नाही. पण आता घशाचं ऑपरेशन ठरलं होतं, आणि नंतर आवाज राहील की नाही हे डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं.

"आधी इथे सही. संमतीपत्र आहे, नीट वाचून घ्या."

"तूच लिहिलंयस ना? मग वाचायचं काय त्यात." त्यांनी झोकात सही ठोकली, खाली दोन टिंबं दिली.

मग ते स्वतः उठले आणि कपाटातून लाल दोरीची फाइल घेऊन आले. दोरी सोडायला त्यांना वेळ लागला. वरचे दोन कागद काढून त्यांनी मांडीवर ठेवले, चष्मा लावला.

"साक्षी, स्वयंपाकघरातलं स्टूल आण. तिकडे ठेव, कॅमेऱ्याच्या मागे."

तिने ठेवलं. कोंडिरामांनी त्या स्टुलाकडे पाहिलं, घसा खाकरला आणि सुरू झाले.

"नमस्कार. भाईंदरकरहो, आजच्या ठळक बातम्या."

खरखर कुठल्या कुठे गेली. स्टेशनजवळचा नवा जिना. शाळेचा निकाल. चौक गावातून हरवलेली शेळी उत्तनच्या रिक्षा स्टँडवर सापडली, आणि मालकाला बघून ती आनंदली नाही. साक्षीला हसू आवरेना. कोंडिरामांनी पान उलटलं तेही अगदी टीव्हीवर उलटायचे तसं, नजर समोरच ठेवून.

"आणि शेवटी. हे आपलं शेवटचं बातमीपत्र. उद्या भेट नाही. पाणी मात्र भरून ठेवा. नमस्कार."

साक्षीने रेकॉर्डिंग थांबवलं, पुन्हा एकदा तपासलं, आणि मगच डोळे पुसले. आवाज राहिला होता. आता परवा काहीही होवो.

"मिळाला ना?" कोंडिरामांनी विचारलं.

"मिळाला, काका."

"एकही चूक नाही केली. ती असती तरी तिला काढता आली नसती." त्यांनी दोन्ही कागद तिच्या हातात दिले. "हे घे, मशीनमध्ये घाल. मी चहा टाकतो."

साक्षी कागद घेऊन टेबलाशी गेली. अक्षर इंदूबाईंचंच, तीन महिन्यांत तिच्या ओळखीचं झालेलं. पण बातम्या नेहमी पाठकोऱ्या कागदांवर लिहिलेल्या असत. हे कागद नवे, रेघांचे होते. स्कॅनरचं झाकण उघडता उघडता तिने सहज शेळी शोधली. शेळी नव्हती. जिना नव्हता. निकालही नव्हता.

आत भांड्याचा आवाज झाला. साक्षीने पहिल्या कागदाच्या अगदी वरून वाचायला सुरुवात केली.

"वाचणाऱ्याला नमस्कार. आमच्या ह्यांना वाचता येत नाही. लग्नापासून हे आम्हा दोघांतच राहिलं, आता तुमच्यापाशी राहू द्या. पुढचं पत्र त्यांच्यासाठी आहे. दार लावून मोठ्याने वाचून दाखवा, आणि दोनदा वाचा, कारण पहिल्यांदा ते पाठ करतात, ऐकतात ते दुसऱ्यांदा."